वॉटर पंप गळतोय? ते भोक आधी बुजवू नका

गाडीच्या इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. जुन्या गाडीखाली हिरवट थेंब दिसले की आपण वाकून बघतो, थेंब तिथूनच येताना दिसतात आणि लगेच एमसील मळायला घेतो. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ते भोक बनवणाऱ्यानेच मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या शाफ्टवर एकीकडे कूलंट, दुसरीकडे बेअरिंग आणि मध्ये सील. सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं, यासाठी ती वाट. भोक बुजवलंत तर तेच कूलंट बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं. मग पंप खरखरतो, पुली डुगडुगते आणि शेवटी बेल्टही जातो.

अर्थात प्रत्येक थेंब पंपाचा नसतो. एसीचं पाणी स्वच्छ असतं, कूलंट रंगीत आणि बुळबुळीत. वरचा होस गळत असला तरी ओघळ पंपावर येतो. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी बघा. भोकाखाली वाळलेली हिरवी-पांढरी खपली असेल तर शंका नको. सांडलेलं कूलंट मात्र धुऊन टाका. ते विषारी असतं आणि गोडसर लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. दोन महिने बोअरचं पाणी ओतत गाडी चालवली. मे महिन्यात खंबाटकी चढताना तापमानाचा काटा वर गेला, मग अचानक खाली आला. मला हायसं वाटलं! खरं तर पाणी सेन्सरच्याही खाली उतरलं होतं आणि सेन्सर नुसत्या वाफेत होता. पंपाचं काम हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालच्या (हेडखालच्या) पॅकिंगवर गेलं. काटा असा पडला, किंवा हीटर लावूनही गार हवा आली, तर तिथेच गाडी बाजूला घ्या.

थांबल्यावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. 0.9 बार दाबाच्या झाकणाखाली साधं पाणीही साधारण 118 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते उसळून अंगावर येतं. इंजिन पुरतं निवू द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुना उपाय बारीक छिद्राला कधी चालून जातो. फिरत्या शाफ्टच्या सीलला तो काय करणार? उलट हीटरच्या नळ्या तुंबतात. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकणं हाही तसाच 'उपाय'. इंजिन नीट तापत नाही, मायलेज घसरतं आणि गळती जिथल्या तिथे.

पंप बदलताना जुनं पॅकिंग खरवडून जागा साफ करून घ्या. सिलिकॉन थापलं तर जादा तुकडे सुटून कूलंटबरोबर फिरतात. तुमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी बदला, कारण खोलायची मजुरी तीच. पंप फॅन बेल्टवर असेल तर बेल्ट प्रमाणाबाहेर ताणू देऊ नका, नवं बेअरिंगही त्यानेच जातं. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं मिसळा आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा निघू द्या. नंतर तीन-चार सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरली तर ती बहुधा अडकलेली हवा. रोज उतरत राहिली तर पुन्हा पुठ्ठा टाका.