स्पॅनिश जहाजांचा खजिना शोधताय? फ्लोरिडाच्या पुळणीवर या चुका टाळा

२४ जुलै १७१५ रोजी हवानाहून स्पेनकडे निघालेला ताफा आठवडाभरात फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ चक्रीवादळात सापडला. १२ पैकी ११ जहाजं फुटली, सोबतचं फ्रेंच 'ग्रिफॉन' तेवढं वाचलं, सुमारे हजार माणसं बुडाली. तीनशे वर्षं उलटली तरी मोठं वादळ होऊन गेलं की सेबॅस्टियन इनलेट ते फोर्ट पिअर्स या पट्ट्यात चांदीची नाणी अजून वाळूवर येतात. म्हणून तर त्याला ट्रेझर कोस्ट म्हणतात. तरीही मेटल डिटेक्टर घेऊन गेलेले बहुतेक जण बाटल्यांची बुचं गोळा करून परततात. त्यात नशिबाचा वाटा असतो, पण लोक समजतात तेवढा नसतो.

सुट्टी बघून जाणं

ही सगळ्यात महागडी चूक. उन्हाळ्यातल्या मंद लाटा किनाऱ्यावर वाळू आणून टाकतात. २२ कॅरट सोन्याची घनता १७-१८, चांदीची १०च्या आसपास, वाळूची २.६५. पाण्याने हलणाऱ्या वाळूतून नाणं खाली खाली जातं आणि चिकणमाती किंवा कोकिना नावाच्या शिंपल्यांच्या खडकासारख्या कठीण थरावर थांबतं. तो थर जुलैत मीटर-दीड मीटर वाळूखाली असू शकतो, आणि नाण्याएवढ्या वस्तूसाठी मशीनची पोच असते २०-३० सेंटिमीटर. मग दिवसभर फिरूनही काय मिळणार?

जायचं ते ईशान्येचे वारे दोन-तीन दिवस सलग वाहिल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मार्चमध्ये. लाटांनी पुळण कापली जाऊन वाळूची उभी भिंत तयार झाली असेल, तर तिच्या पायथ्याशी शोधा, पण भिंत पोखरू नका. ओली वाळू आवाज न करता कोसळते. ओहोटी संपण्याच्या दोन तास आधी पोचा आणि पाणी वळेपर्यंत काम करा. वाबासो, टर्टल ट्रेल, सीग्रेप ट्रेल या जागा प्रसिद्ध आहेत त्या समोरच्या पाण्यात भग्नावशेष असल्यामुळे. पण प्रसिद्ध जागेवरही वाळू भरलेली असेल तर ती रिकामीच समजा.

आणखी एक फसवणूक म्हणजे कृत्रिम भरणा. धूप झालेल्या किनाऱ्यावर काउंटी (जिल्हा प्रशासन) बाहेरून वाळू आणून ओतते. रंगाने आणि दाण्याने एकसारखी, पायाखाली घट्ट लागणारी नवी वाळू दिसली की तिथे वेळ घालवू नका.

पुळणीवर समुद्राने स्वतःच चाळणी लावलेली असते, ती ओळखायला शिका. अ‍ॅल्युमिनियमचे डबे आणि पत्र्याचे तुकडे सापडत असतील तर तुम्ही हलक्या मालाच्या पट्ट्यात आहात. मासेमारीची शिशाची वजनं, काळी जड वाळू, जुने खिळे लागायला लागले की पाय तिथेच रोवायचे. मग नागमोडी चालणं थांबवून पाच बाय पाच मीटरचा चौकोन आखायचा आणि तो आडवा-उभा दोन्हीकडून झाडून काढायचा.

मशीन ओरडत राहतं

कोरड्या वाळूत शांत असलेलं मशीन पाण्याच्या कडेला आलं की सतत किलबिलतं. मशीन बिघडलेलं नसतं, मिठाचं पाणी वीज वाहून नेतं म्हणून असं होतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारी स्वस्त व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रिक्वेन्सीची) मशीनं इथे हात टेकतात. अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं (उदाहरणार्थ मायनलॅब एक्विनॉक्स) किंवा पल्स इंडक्शनचं, म्हणजे विजेचे झटके सोडून धातूचा प्रतिसाद ऐकणारं (गॅरेट सी हंटर) मशीन लागतं. पल्स इंडक्शन खोल जातं, पण लोखंड आणि सोनं यांतला फरक फारसा सांगत नाही, त्यामुळे खणावं भरपूर लागतं. हातात जे आहे त्यावर भागवायचं असेल तर सेन्सिटिव्हिटी (संवेदनक्षमता) एकेक पायरी खाली आणा, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीशी जुळवणी, ओल्या वाळूवरच नव्याने करा आणि कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, वाळूला समांतर ठेवा. झोक्याच्या टोकाला कॉइल वर उचलली गेली की खोटे आवाज येतात आणि खोलीही हातची जाते.

कचरा टाळण्यासाठी लोक डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळणारी सोय, चढवतात. डब्याच्या कड्या आणि फॉइल गाळलं की छोटं सोनंही गाळलं जातं, कारण एक एस्कुदोचं (जुन्या स्पॅनिश चलनातलं) सुमारे ३.४ ग्रॅमचं सोन्याचं नाणं मशीनवर जवळपास त्याच पट्टीत बोलतं. ट्रेझर कोस्टवर गाळणी बंद ठेवा. लोखंडाची शंका आली तर नव्वद अंशांत वळून पुन्हा झोका द्या. आवाजाची जागा सरकली किंवा तो तुटला तर बहुधा लोखंड. तरी एक-दोन खिळे खणून बघाच: ठोकून घडवलेला, चौकोनी दांड्याचा खिळा म्हणजे जुन्या जहाजाची खूण असू शकते.

खणल्यावर आवाज गायब झाला? पाण्याने भरलेल्या खड्ड्यात नाणं तळाकडे घसरलेलं असतं. फावडं आवाजाच्या नेमक्या जागी न घालता १०-१५ सेंटिमीटर मागे घाला आणि पूर्ण ढेकूळ एकदम उचला. गंजलेल्या खिळ्याभोवतीची वाळूही आवाज देते. खड्डा उकरला की ती विखुरते आणि आवाज संपतो.

काळा दगड फेकून देणं

सोनं समुद्रातून काल टांकसाळीतून आल्यासारखं पिवळंजर्द बाहेर येतं. चांदी तशी येत नाही. तिच्यावर सल्फाइडचा काळा थर असतो, कधी दोन-तीन नाणी चुन्यासारख्या कवचात एकमेकांना चिकटलेली असतात. हातात घेतल्यावर वाटतं, चपटा दगड आहे. किती नाणी अशी परत पाण्यात गेली असतील!

शिवाय ही नाणी गोल नसतात. आपल्या शिवराईसारखीच हातोड्याने ठोकलेली, साचा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे सन आणि राजाचं नाव क्वचितच पूर्ण उमटतं. आधी क्रूस आणि ढाल शोधा. मेक्सिकोच्या टांकसाळीची खूण म्हणजे एमवर छोटा ओ, आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीची पी. आठ रेआलचं चांदीचं नाणं मूळचं सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त. पुळणीवरचं आठ रेआल झिजून २० ग्रॅमच्या खाली आलेलं असू शकतं, म्हणून चांदी हलकी भरली तर लगेच नकली ठरवू नका. सोन्याचं उलट आहे: आठ एस्कुदो २७ ग्रॅमच्या आसपासच भरायला हवं, कारण समुद्राचं पाणी सोनं खात नाही.

घरी नेऊन घासणं

इथे सापडलेला माल वाया जातो. लिंबू, व्हिनेगर, मिठाचं आम्ल, तारेचा ब्रश, टूथपेस्ट यांपैकी काहीही नको. काळ्या थरातच कोरीव काम शिल्लक असतं, तो घासला की हाती गुळगुळीत पत्रा उरतो. नाणं सुकू न देता गोड्या पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. आत क्षार राहिले तर वाळताना त्यांचे स्फटिक फुगून पृष्ठभाग उकलतात. लोखंडाच्या वस्तूंचं तर हमखास होतं: तोफेचा गोळा कपाटात ठेवला की काही महिन्यांत पापुद्रे सुटायला लागतात. लोखंड सोड्याने अल्कधर्मी केलेल्या पाण्यातच ठेवायचं आणि पुढचं काम संवर्धन प्रयोगशाळेवर सोपवायचं.

चांदीसाठी इलेक्ट्रोलिसिस चालतं, पण आधी नाण्यात धातू उरलाय का ते पाहा. आकाराच्या मानाने फारच हलकं, कडेला भुसभुशीत असेल तर आत निव्वळ सल्फाइड आहे, आणि प्रवाह सोडल्यावर त्याचा चुरा होईल. घट्ट नाण्यासाठी धुण्याच्या सोड्याचं सुमारे ५ टक्के द्रावण घ्या, नाणं ऋण टोकाला आणि साध्या लोखंडी पत्र्याचा तुकडा धन टोकाला जोडा. स्टेनलेस स्टीलमधून क्रोमियम सुटण्याचा धोका असतो, ते नकोच. तारा उलट जोडल्या तर नाणंच विरघळायला लागतं. ही चूक नेहमीची आहे. प्रवाह इतका कमी ठेवा की नाण्यावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे यावेत. जोरात फसफसलं की कवचाबरोबर धातूही उडतो. खिडकी उघडी हवी, हायड्रोजन सुटतो. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवा. त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर दुधाळपणा येत असेल तर क्षार अजून आहेत, पाणी बदला.

पाचू मशीनने शोधणं

मशीन धातूला बोलतं, पाचूला नाही. ताटात वाळू धुऊनही जमत नाही, कारण पाचूची घनता २.७ म्हणजे जवळपास वाळूएवढीच. 'नुएस्त्रा सेन्योरा दे आतोचा' या १६२२ साली बुडालेल्या स्पॅनिश जहाजाचे कोलंबियातल्या मुसो खाणीचे पाचू पाणबुड्यांनी तळाशी डोळ्यांनी आणि बारीक चाळण्यांनी वेचले. (त्याच खाणींचे पाचू गोव्याच्या बाजारातून मुघल दरबारापर्यंत गेले होते.) पुळणीवरचा हिरवा खडा मात्र जवळजवळ नेहमी बाटलीची काच असतो. भिंगातून गोल बुडबुडे दिसले तर काच. पाचूचा कच्चा खडा षटकोनी असतो, आणि कोलंबियन पाचूत द्रव, वायूचा बुडबुडा आणि मिठाचा बारीक स्फटिक एकाच पोकळीत दिसू शकतात. अल्ट्रासोनिक क्लीनरमध्ये टाकू नका, आतल्या भेगा पसरतात.

२०१० मध्ये फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या 'की वेस्ट' बेटापुढच्या समुद्रात हजारो पाचू सापडल्याचा दावा झाला होता. तपासणीत खड्यांवर इपॉक्सी हे आधुनिक रसायन निघालं. शतकानुशतकं तळाशी पडलेल्या खड्यावर ते असण्याचं कारण नाही.

समुद्रात उतरताना

मॅग्नेटोमीटर फक्त लोखंड दाखवतो: नांगर, लोखंडी तोफा, खिळे. सोनं, चांदी, काशाच्या तोफा त्याला दिसत नाहीत. म्हणून त्याच्या नोंदींबरोबर नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत दगडही शोधतात, कारण जहाजाच्या तळात वजनासाठी तेच भरत.

त्याहून मोठी चूक कागद चुकीचा वाचण्याची. आतोचा ६ सप्टेंबर १६२२ रोजी बुडालं. खजिनाशोधक मेल फिशरची माणसं आधी फ्लोरिडाच्या बेटमालेतल्या मातेकुंबेच्या आसपास शोधत राहिली, कारण जुन्या कागदांत ते नाव होतं आणि त्या काळी ते बऱ्याच विस्तृत बेटमालेसाठी वापरलं जाई. इतिहासकार यूजीन लायनने स्पेनमधल्या सेव्हिलच्या दफ्तरखान्यात 'कायोस देल मार्केस' ('मार्केसची बेटं') हा उल्लेख शोधला, तेव्हा शोध की वेस्टच्या पश्चिमेला सरकला. १९७३ मध्ये सापडलेल्या तीन चांदीच्या विटांवरचे क्रमांक आणि वजनं जहाजाच्या यादीशी जुळली. तरी मुख्य ढीग हाती लागायला २० जुलै १९८५ उजाडला, कारण पहिल्या वादळानंतर महिन्याभरात दुसऱ्या वादळाने अवशेष मैलोनमैल पसरवले होते.

परवानगी आणि खरेदी

काउंटीच्या पुळणीवर जाण्याआधी स्थानिक नियम विचारा, कोरड्या वाळूच्या खासगी भागात मालकाला विचारा. राज्य उद्यानांत व्यवस्थापकाशी बोलल्याशिवाय मशीन काढू नका. कॅनाव्हेरल नॅशनल सीशोअरसारख्या राष्ट्रीय उद्यानात मशीन जवळ बाळगणंही बेकायदा आहे. पाण्यातल्या १७१५च्या अवशेषांचे हक्क न्यायालयाने एका कंपनीकडे दिलेले आहेत, आणि त्यांच्या मालातला काही हिस्सा राज्याला जातो. तिथे हौशी पाणबुड्याने खणायचं नाही. १ मार्च ते ३१ ऑक्टोबर कासवांचा हंगाम असतो, खुणा लावलेल्या घरट्यांपासून दूर राहा.

विकत घेताना 'आतोचा सिल्व्हर' हे शब्द नीट वाचा. बऱ्याचदा ते जहाजातल्या चांदीच्या विटा वितळवून पाडलेल्या नव्या नाण्यांना लावलेले असतात. मूळ नाण्यासोबत क्रमांक आणि फोटो असलेलं प्रमाणपत्र मागा आणि फोटो नाण्याच्या कडेशी जुळवा: हाताने कापलेल्या दोन नाण्यांची कड सारखी नसते, म्हणून हुबेहूब जोडी दिसली किंवा कडेवर साच्याची रेघ दिसली तर ते ओतलेलं आहे.