छपाई, प्रकाशन आणि रविवारचं सभागृह

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एका प्रकाशन संस्थेत मी उमेदवारीला लागले, तेव्हा प्रकाशन म्हणजे पुस्तकं छापणं अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात कळलं की आमच्याकडे छपाईचं यंत्रच नाही! छपाई एकीकडे, बांधणी दुसरीकडे. आमचं काम म्हणजे हस्तलिखित निवडणं, संपादन, मुद्रितशोधन, पैसे घालणं, पुस्तक दुकानांपर्यंत पोचवणं आणि काही चुकलं तर उत्तर देणं. पुस्तकात मुद्रक आणि प्रकाशक ही नावं वेगवेगळी असतात ती यामुळेच.

या व्यवसायात येणाऱ्याने आधी 'प्रकाशन' हा शब्द नीट ऐकायला शिकावं. 'अमुक प्रकाशन' ही संस्था, 'प्रकाशन' हा व्यवसाय आणि 'रविवारी प्रकाशन आहे' म्हणजे समारंभ. मी इथेच चुकले. एका लेखिकाबाईंनी फोनवर विचारलं, "प्रकाशन कधी धरू?" मी छपाई पूर्ण होण्याची तारीख सांगितली. त्यांनी त्याच दिवसाचं सभागृह ठरवलं, पाहुण्यांना कळवलं. छापील फॉर्मे, म्हणजे घडी घालून पुस्तकाची पानं होतात ते मोठे कागद, तेव्हा बांधणीवाल्याकडे पडून होते. शेवटी घाईने बांधून घेतलेल्या पाच प्रती घेऊन मी सभागृहात पोचले. विक्रीच्या टेबलावर एकही प्रत नव्हती. बाई काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. आता मी प्रत्येक लेखकाला तीन तारखा लिहून देते: छपाई, बांधणी, समारंभ.

कायद्याच्या लेखी मात्र समारंभाला काहीच किंमत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रती काढून किंवा अन्य मार्गाने कृती लोकांना उपलब्ध करून देणं म्हणजे प्रकाशन. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याने प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात. ही जबाबदारी प्रकाशकाची, मुद्रकाची नव्हे.

फॉर्म्याचा हिशोबही लवकर शिका. आमच्याकडे फॉर्मा १६ पानांचा. १६० पानांत दहा फॉर्मे बसतात. मजकूर १६३ वर गेला की तीन पानांसाठी कागद वाढतो, किंमत वाढते, नाहीतर लेखकाशी बोलून मजकूर आवरावा लागतो. आणि मजकुरात काहीच बदललेलं नसेल, तर 'दुसरी आवृत्ती' छापू नका, ते पुनर्मुद्रण.

आता बांधणीवाल्याकडून गठ्ठे आले की मी आधी ग्रंथालयांच्या चार प्रती बाजूला काढते, त्यांच्यावर पत्ते घालते. निमंत्रणपत्रिका त्यानंतर छापायला जातात.