लिंकन कॉन्टिनेंटलचं छत मध्येच अडलं तर

बटण दाबलं, डिकीचं झाकण उभं राहिलं आणि तिथेच थांबलं. आधी एकच सांगतो, हातानं ढकलू नका. मी ढकललं होतं आणि कुलपाचा स्क्रू वाकवून बसलो. झाकणाला जाड लाकडी टेकू द्या, मगच खाली हात घाला.

१९६१ च्या कन्व्हर्टिबलला, म्हणजे छत उघडणाऱ्या कॉन्टिनेंटलला, दरवाजे चार, त्यामुळे छतही लांबलचक. फोर्डचे डिझायनर एल्वुड एंगल यांचा मूळ आराखडा फोर्डच्याच थंडरबर्ड गाडीसाठी होता, तोच ताणून ही गाडी झाली. छत उतरलं की ते पूर्ण डिकीत गडप होतं. मागे गाठोडं नाही, वर कापडी खोळ नाही. त्या सरळ रेषेसाठी सगळी गुंतागुंत आत कोंबली आहे.

झाकणाची बिजागरी मागच्या टोकाला, म्हणून ते नेहमीच्या उलट उघडतं. क्रम साधारण असा: झाकणाची कुलपं सुटतात, झाकण उठतं, पुढच्या काचेवरच्या पट्टीतून छत सुटतं, मागे येऊन घडी होतं, झाकण बसतं. कुलपं मोटर फिरवते, उचलण्याचं काम हायड्रॉलिक तेल करतं. एक पायरी पूर्ण झाली की लिमिट स्विच दाबला जातो, रिले (विजेनं चालणारा स्विच) 'टक्' करतो आणि पुढच्या पायरीला वीज मिळते. कॉम्प्युटर नाही, सगळी अक्कल तारांत. म्हणून अडलेल्या पायरीपेक्षा तिच्या आधीच्या पायरीचा स्विच आधी बघा.

पण त्याहीआधी बॅटरी. मरगळलेल्या बॅटरीनं रिले नुसते थरथरतात आणि माणूस उगाच तारा उसवत बसतो. बॅटरी भरलेली असेल तर एकाला बटणावर बसवा आणि तुम्ही लाकडी काडीनं संशयित स्विच दाबा, हात-डोकं छताच्या वाटेबाहेर ठेवून. पुढचा रिले वाजला तर स्विच चांगला आहे, फक्त त्याची जागा सरकली आहे. माझ्या गाडीत स्विचची पट्टी जेमतेम दोन मिलिमीटर अलीकडे राहत होती. रिले गप्प असेल तर स्विच, तार आणि अर्थिंग तपासा. अर्थिंगच्या बोल्टखालचा गंज खरवडून काढा. मोटर घुरघुरते पण काही हलत नाही, तेव्हा तेलाची पातळी आणि नळ्यांची गळती बघा.

दुरुस्ती झाल्यावर इंजिन चालू ठेवून छत दोनदा खाली-वर करा. त्याआधी डिकी रिकामी आहे ना, ते पाहा. तिसऱ्यांदा माझं छत अडलं ते आत विसरलेल्या छत्रीमुळे.