लग्नात आणि कॉन्सर्टला क्लासिकल गिटार वाजवायची असेल तर

लग्नाच्या कामाचा फोन आला की समोरचा आधी तारीख सांगतो आणि लगेच "चार्जेस किती?" तुम्ही आकडा सांगायच्या आधी एकच विचारायचं, मी नेमकी कुठे बसणार आणि डीजेचा स्पीकर माझ्यापासून किती लांब असणार. प्लॅनर लोक जरा गोंधळतात, त्यांना वाटतं ही काय नाटकं, पण हे आधी नाही विचारलं तर तिथे जाऊन तुम्ही दोन तास हात हलवत बसता आणि ऐकू कोणालाच येत नाही.

कारण क्लासिकल गिटारचा आवाज लहान. नायलॉनच्या तारा, बोटांची नखं आणि पातळ लाकडाची पेटी, बस. ताशा, बँजो तर सोडाच, पन्नास पाहुणे एकदम "अगं किती बारीक झालीस" म्हणायला लागले तरी गिटार गेली. मी पुण्यात शिकले, आता सीझनला गोव्यात आणि एरवी पुण्या-मुंबईत वाजवते, आणि माझ्या धंद्यातली निम्मी अक्कल या लहान आवाजाची काळजी कशी घ्यायची एवढीच आहे. वाजवायला येतंच तुम्हाला, म्हणून तर हे वाचताय.

तर आधी कुठे वाजवायचं ते. आपल्याकडच्या हिंदू लग्नात मुहूर्ताला गिटार नकोच म्हणून सांगून टाका. शेवटचं "सावधान" झालं, अक्षता पडल्या की एकदम सनई, टाळ्या, फटाके, त्यात तुम्ही काहीही वाजवलं तरी फोटोतच दिसणार. गिटार चालते ती पाहुणे यायला लागतात तेव्हा, किंवा रिसेप्शनच्या पहिल्या तासाला, किंवा आदल्या संध्याकाळी घरच्यांचं छोटं जेवण असतं तिथे. गोव्यात चर्चमधलं लग्न असेल तर लोक येऊन बसतात तो वेळ, कम्युनियन, आणि नवरा-नवरी रजिस्टरवर सही करतात ते पाच मिनिट, या तीन जागा गिटारच्या. पण चर्चमध्ये काय वाजवायचं ते नवरी नाही, फादर ठरवतात, त्यामुळे यादी आधी त्यांना दाखवा. नवरीने हौसेने सांगितलेलं सिनेमातलं गाणं मिसामध्ये चालणार नाही असं ऐनवेळी कळलं की तोंड बघण्यासारखं होतं. ते गाणं रिसेप्शनला वाजवू म्हणायचं, विषय संपतो.

आता काय वाजवायचं. इथे परीक्षेचा प्रोग्रॅम विसरा. लग्नात तुकडा कुठेही थांबवता आला पाहिजे आणि कितीही ताणता आला पाहिजे, कारण नवरी चाळीस सेकंदात स्टेजवर येईल की वाटेत चार आत्यांच्या पाया पडत चार मिनिटं लावेल हे तिलाही माहीत नसतं. पाखेलबेल या जुन्या जर्मन संगीतकाराचा कॅनन सगळीकडे वाजून वाजून गुळगुळीत झालाय हे खरं, पण तो इतका चालतो त्याचं कारण बघा, खालचा बास फक्त आठ सुरांचा आहे आणि तोच मूळ रचनेत 28 वेळा फिरतो, म्हणजे दर फेरीला थांबायची जागा तयार. असेच तुकडे शोधा. नाहीतर स्वतः खुणा करून ठेवा, इथे संपवता येतं, इथून परत मागे जाता येतं. बाखच्या पहिल्या चेलो सुइटचा प्रेल्यूड सुंदर आहे पण अर्ध्यात सोडला तर विचित्र वाटतं, तो लोक बसलेले असताना वाजवा. ताररेगा या स्पॅनिश गिटार-संगीतकाराचं लाग्रिमा छोटं, गोड, सगळ्यांना आवडतं, फक्त त्या नावाचा अर्थ अश्रू आहे, कोणी नाव विचारलं तर पाठवणीच्या वेळी सांगा, हार घालताना नको.

आणि एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. कॅनन आणि तो बाख दोन्ही गिटारवर बहुतेक जण डी स्केलमध्ये वाजवतात आणि त्यासाठी सहावी तार ई वरून डी वर उतरवावी लागते. नायलॉनची तार उतरवली की लगेच ऐकत नाही, दोन मिनिटांनी परत वर सरकते, चढवली की खाली येते. म्हणून डी वाले सगळे तुकडे एकत्र लावा, एक अख्खा सेट तसाच वाजवा आणि मग ब्रेकमध्ये तार वर घ्या. मी पहिल्या वर्षी आलटून पालटून लावले होते आणि अर्धा वेळ सुरात लावण्यातच गेला, एका काकांनी येऊन प्रेमाने विचारलं, "सुरू कधी करणार बेटा?"

फर्माइशी येणारच. त्यावर नाक मुरडू नका. पाच-सहा जुनी हिंदी, दोन-तीन मराठी भावगीतं आणि गोव्यात असाल तर एखादं मांडो, म्हणजे जुनं कोंकणी गाणं, नीट बसवून ठेवा, नुसते कॉर्ड नाही, सूर वर आणि बास खाली असं, अगदी सोरसारख्या गिटारच्या जुन्या उस्तादाचा एखादा स्टडी वाजवावा तितक्या मनापासून. आजी लोक ते ऐकून खुर्ची ओढून जवळ येऊन बसतात, आणि एकदा आजी गप्प बसल्या की त्या कोपऱ्यात बाकीचेही हळू बोलतात.

खुर्ची! हॉटेलवाले प्रेमाने तुम्हाला सोफा देतात नाहीतर ती हातवाली महाराजा खुर्ची. त्यात गिटार बसतच नाही. बिनहाताची, पक्की, न डुगडुगणारी खुर्ची असं मेसेजमध्ये लिहून टाका आणि तरी तिथे गेल्यावर केटरिंगच्या दादांकडून एक मागून घ्या, त्यांच्याकडे नक्की असते. फूटस्टूल स्वतःचं न्या. कपड्यांचं म्हणाल तर काठाची जर, पदराची पिन, बांगड्या, सगळं गिटारला ओरबाडतं, आणि फ्रेंच पॉलिशची, म्हणजे लाखेच्या पातळ थराची, गिटार असेल तर घाम आणि सेंटनेही डाग पडतात. मी साधी काळी साडी नेसते, उजव्या हातात काही नाही, आणि मांडीवर एक शामॉय कापड.

आवाजाचं आता सविस्तर, कारण इथेच लोक फसतात. स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हिया (1893–1987) मोठमोठ्या हॉलमध्ये माइकशिवाय वाजवायचा, जॉन विल्यम्सने (सिनेमाचा संगीतकार नव्हे, गिटारवाला) मात्र बिनधास्त अॅम्प्लिफिकेशन वापरलं. लग्नात तुम्ही जॉन विल्यम्स व्हा. बंद खोलीत वीस-तीस लोक असतील तर कंडेन्सर माइक, बाराव्या फ्रेटच्या (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्टीच्या) समोर साधारण वीत-दीड वीत अंतरावर, आवाजाच्या भोकासमोर अजिबात नाही, तिथे नुसता घुमतो. कंडेन्सरला 48 व्होल्टची फॅन्टम पॉवर, म्हणजे मिक्सरकडून वायरमधूनच येणारी वीज, लागते, साउंडवाल्याला आधी विचारा. लॉनवर किंवा बीचवर असाल तर माइक विसरा, वारा आणि डीजे दोन्ही त्यात शिरतात, तिथे गिटारलाच बसवलेला पिकअपच. पिकअपचा आवाज जरा प्लास्टिकसारखा येतो, मधल्या फ्रिक्वेन्सी थोड्या कमी करून घ्या, चालतं, उघड्यावर कोणाला कळत नाही.

शिट्टी किंवा घूं घूं यायला लागलं की साउंडवाला घाबरून सगळा आवाजच कमी करतो. त्याला सांगा, दादा, 100 हर्ट्झच्या आसपास कट मारा. गिटारच्या पेटीतली हवा साधारण त्याच सुरावर गुंजते, सहाव्या तारेवरच्या जी-ए च्या जवळपास, म्हणून घुमायला सुरुवात तिथूनच होते. तेवढी एक जागा खाली आणली की बाकीचा आवाज वाढवता येतो. स्पीकर तुमच्या पुढे, पाठीमागे कधीच नाही. आणि साउंडवाल्याला नावाने हाक मारा, त्याने चहा घेतलाय का विचारा, संध्याकाळभर तुमचं नशीब त्याच्या बोटात असतं. मी स्वतःचा एक बॅटरीवर चालणारा छोटा अॅम्प गाडीत ठेवतेच, जनरेटर बदलताना लाइट जाते तेव्हा अख्ख्या लॉनवर मीच एकटी वाजत असते, ते पाच मिनिट मला फार आवडतात.

उघड्यावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद आणि वाद्यंही बंद, 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. याचा तुम्हाला फायदा करून घेता येतो, दहानंतर डीजे गप्प झाला की प्लॅनरला सांगून ठेवा की आत बंद हॉलमध्ये माइकशिवाय अर्धा तास मी टेबलांमध्ये बसून वाजवेन, त्याचे वेगळे पैसे.

पैसे. आधी निम्मे अॅडव्हान्स, तारीख त्यानंतरच पक्की, आणि बाकीचे वाजवायच्या आधी. लग्न लागल्यावर ज्यांच्याकडे पैसे असतात ते काका सापडत नाहीत, हा अनुभव प्रत्येकाला एकदा येतो, मला दोनदा आला. सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, किती वाजता पोचायचं, किती मिनिटांचे किती सेट (मी पंचेचाळीस मिनिटांचे दोन घेते, त्याच्यावर बोटं थकतात), जास्तीच्या अर्ध्या तासाचे किती, जेवण, राहायची सोय, परतीचं भाडं. कार्यक्रम एक तास उशिरा सुरू होणारच, तो तास तुमच्या वेळात धरायचा की नाही हेही लिहा. कंपनीने पैसे दिले की बहुतेक वेळा 10 टक्के टीडीएस कापतात, तो आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या नावावर दिसतोय ना ते तपासा आणि रिटर्न भरून परत मिळत असेल तर मिळवा, बरेच वादक तो सोडूनच देतात.

सीझन साधारण तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो, ख्रिश्चन लग्नं लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, जवळजवळ थांबतात, आणि चातुर्मासात आपल्याकडे शुकशुकाट. ते चार महिने क्लास घ्यायचे. ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षांची मुलं असली की पावसाळ्याचं भाडं निघतं, आणि कॉन्सर्टचा रियाजही याच काळात होतो, डिसेंबरमध्ये कोणाला वेळ आहे.

गिटारलाही हाच पावसाळा बाधतो. तिला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते आणि गोव्यात जुलैत हवा नुसती ओल्या कापडासारखी असते, लाकूड फुगतं, तारा फ्रेटपासून वर जातात, आवाज बसतो. हार्ड केसमध्ये सिलिका जेल ठेवा आणि एक छोटा हायग्रोमीटर. उलट पुण्याच्या फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत तडा जायची भीती, तेव्हा साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला पिळलेला स्पंज, ती डबी केसमध्ये. महागड्या ह्युमिडिफायरइतकंच काम करते. बाहेरच्या दमट हवेतून थेट एसी हॉलमध्ये नेलीत तर निदान अर्धा तास केस बंद ठेवा, मग उघडा, मग सुरात लावा. आणि उन्हात पार्क केलेल्या गाडीत कधीच ठेवू नका, सरस मऊ होऊन ब्रिज उखडतो.

नखं. डाव्या हाताची पार कापलेली, उजव्या हाताची वाढवलेली, माझी आई अजून विचारते की दोन्ही सारखी का नाही ठेवत. कानस म्हणून 2000 नंबरचा पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्याने शेवटचा हात फिरवा, खरखर जाते. उजव्या हाताने कुठलाही डबा उघडायचा नाही, बॅगेची चेन ओढायची नाही. गोव्यात एका लग्नाच्या दोन तास आधी मी टॅक्सीचं दार उघडताना अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख मुळापासून तोडलं. हॉटेलच्या गेम रूममधून टेबल टेनिसचा बॉल मागून आणला, त्याचा नखाच्या आकाराचा तुकडा कापला, सुपरग्लूने नखाच्या खालच्या बाजूने चिकटवला, पॉलिश पेपरने घासला, आणि संध्याकाळ काढली. आता एक बॉल केसमध्येच असतो.

कॉन्सर्टचं गणित वेगळं. तिथे लोक गप्प बसतात आणि लग्नातून आलेल्या माणसाला तीच शांतता अंगावर येते. लग्नात चुकलेला सूर वाहून जातो, हॉलमध्ये तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो. म्हणून सीझनमध्येच एक सवय लावा, प्रत्येक लग्नात कॉन्सर्टच्या प्रोग्रॅममधला एक तुकडा पाठ, न बघता वाजवायचा. कोणी ऐकत नसताना, वेटर ट्रे घेऊन जात असताना, पोरं तारांना हात लावत असताना जर ताररेगाच्या अल्हाम्ब्राचा ट्रेमोलो, म्हणजे एकच सूर बोटांनी भराभर वाजवणं, टिकला तर तो मुंबईच्या एनसीपीएच्या स्टेजवरही टिकतो. प्रोग्रॅम पस्तीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग, डी वाले तुकडे इथेही एकत्र, आणि सगळ्यात अवघड तुकडा पहिला नको, बोटं गार असतात.

हॉल निवडताना मोठेपणाच्या मागे लागू नका. दगडी भिंतींचं एखादं छोटं चॅपेल, जुन्या गोव्यात टेकडीवरचं अवर लेडी ऑफ द माउंटसारखं, तिथे माइकशिवाय शेवटचा माणूस नीट ऐकतो आणि सूर थोडा रेंगाळतो, म्हणून जलद तुकडे जरा संथ घ्यायचे. गाद्या-पडदेवालं नाट्यगृह असेल तर आवाज पिऊन टाकतं, तिथे एक माइक घ्यायला लाजू नका. आयोजकांना कोणाच्या रचना वाजवणार ती यादी लागते. भारतात संगीतकार गेल्यानंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे गिटारसाठी लिहिणाऱ्यांपैकी ताररेगा, बारियोस मोकळे, व्हिला-लोबोस 1959 ला गेले तेही मोकळे, पण रॉड्रिगो 1999 ला गेले, त्यांची रचना घेतलीत तर लायसन्स कोण काढणार ते आधी विचारा.

तारा कॉन्सर्टच्या तीन-चार दिवस आधी बदला, त्याच दिवशी नाही, नायलॉन ताणत राहतो. लग्नाच्या सीझनमध्ये अख्खा सेट दरवेळी बदलायची गरज नसते, वरच्या सुरांच्या तीन नायलॉनच्या तारा बऱ्याच टिकतात, खालच्या सुरांच्या तीन घामाने काळ्या पडतात आणि त्यातही चौथी डी सगळ्यात आधी तुटते, बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटपाशी. सुट्या चौथ्या तारा चार-पाच घेऊन ठेवा, आणि एक केसमध्ये, एक पर्समध्ये, कारण केस कधीकधी पाहुण्यांच्या बुफेच्या टेबलाखाली अडकलेली असते.