‘सँक्शन’: मंजुरी की शिक्षा?

कर्ज ‘सँक्शन’ झालं म्हणजे मंजूर झालं. पण एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ लागले की ते निर्बंध. इंग्रजी मजकूर वाचताना किंवा अनुवाद करताना इथेच घसरायला होतं.

दोन्ही अर्थांचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘सांकिरे’ म्हणजे पवित्र, अभंग ठरवणं. ‘सेंट’ हा शब्दही त्याच कुळातला. रोमन कायद्यात तो कायदा मोडणाऱ्याची शिक्षा सांगणाऱ्या कलमाला ‘सांक्टिओ’ म्हणत. म्हणजे कायद्याला बळ देणं आणि तो मोडणाऱ्याला दंड करणं एकाच शब्दात आलं. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट सहावा चार्ल्स याने 1713 साली काढलेल्या ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’मध्ये मात्र मंजुरीही नाही आणि शिक्षाही नाही. ती वारसाहक्काबद्दलची राजाज्ञा होती. तिथे ‘निर्बंध’ लिहिणं निव्वळ चूक.

आधी वचन पाहा. अनेकवचन असेल आणि जोडीला ‘इम्पोज’, ‘लिफ्ट’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल, तर निर्बंध. एकवचन असेल आणि ‘विदाउट द सँक्शन ऑफ’ अशी रचना असेल, तर संमती. ‘सँक्शन फॉर’ दिसलं तर पुढचा शब्द वाचल्याशिवाय ठरवू नका: प्रकल्पासाठी असेल तर मंजुरी, नियमभंगासाठी असेल तर दंड.

क्रियापद जास्त फसवं. कर्म योजना, खर्च किंवा कृती असेल तर बहुधा ‘मंजूर केलं’. व्यक्ती, कंपनी किंवा देश असेल तर बहुधा ‘शिक्षा केली’, ‘निर्बंध लादले’. त्यामुळे ‘सँक्शन्ड टूर्नामेंट’ म्हणजे अधिकृत मान्यता असलेली स्पर्धा, पण ‘सँक्शन्ड प्लेअर’ म्हणजे कारवाई झालेला खेळाडू. ‘बहुधा’ म्हटलं, कारण कायद्याच्या लिखाणात गैरवर्तनही ‘सँक्शन’ होतं, तेव्हा त्याला शिक्षा होते.

स्वतः इंग्रजीत लिहिताना संदर्भ पुरेसा स्पष्ट नसेल तर हा शब्द सोडून ‘अप्रूव्ह’ किंवा ‘पीनलाइझ’ लिहावं. करारात तर नक्कीच. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम 41, ज्याच्या आधारे सुरक्षा परिषद निर्बंध लादते, त्यातसुद्धा ‘सँक्शन्स’ नाही, ‘मेझर्स’ आहे.

‘स्टेट-सँक्शन्ड व्हायोलन्स’चा अनुवाद ‘सरकारने बंदी घातलेली हिंसा’ असा केला की अर्थ पार उलटतो. ती हिंसा सरकारच्या संमतीने झालेली असते.