तलावात भूजल कुठून झिरपतं? उंचीच्या डेटावरून जागा हेरण्याची रीत

तलावाचं अख्खं पाणलोट मावेल एवढा डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा चौकटीचौकटींचा डिजिटल नकाशा, घ्या. ३० मीटरच्या चौकटींच्या डेटावर मोठ्या घळी दिसतात, काठावरची नेमकी जागा नाही. त्यासाठी लिडार, म्हणजे लेझरने मोजलेली उंची, हवा. पण १ मीटरचा लिडारही आधी ५ मीटरवर आणा. भूजलाची पातळी जमिनीचा चढउतार ढोबळपणेच पाळते, प्रत्येक ढेकळाचा नाही.

आता खरी गोम. डीईएमवरून पाण्याची वाट काढताना, पाणी जिथे अडतं ते ‘खड्डे भरा आणि पुढे जा’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. मीही तो ऐकला होता. काठाला समांतर एक रस्ता होता, भरावावर बांधलेला. डीईएमला भराव म्हणजे भिंत. सॉफ्टवेअरने भिंतीमागची घळ काठोकाठ भरली आणि रस्ता जिथे सखल होता तिथून पाणी पलीकडे सोडलं. नकाशावर तिथे ठसठशीत पाझर उमटला. मी अर्धा दिवस त्या जागी पाण्यात उभा, हाती काही नाही. खरा पाझर घळीच्या सरळ खाली होता. भूजलाला रस्त्याचं काय? ते भरावाखालून जातं.

म्हणून भरू नका, फोडा. खड्डा बुजवण्याऐवजी अडथळ्यातून चर काढणारं ‘ब्रीच’ साधन वापरा. मोऱ्यांच्या जागा ठाऊक असतील तर तिथे हातानेच चर द्या. मग रस्त्याच्या वरच्या बाजूला आधीचा आणि नंतरचा डीईएम वजा करून बघा. मोठे सपाट ठिपके उरले असतील तर काम झालेलं नाही. कंटाळवाणं आहे, पण ही पायरी गाळलेल्या नकाशावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

तलावाचा पृष्ठभाग वगळा, नाहीतर प्रवाह त्या सपाटीवरून भरकटतो. प्रवाह-संचय, म्हणजे प्रत्येक चौकटीत वरच्या किती क्षेत्राचं पाणी येतं ते, काढताना १९८४ची डी-८ पद्धत नको. ती पाणी आठ शेजाऱ्यांपैकी एकाच चौकटीत सोडते, उतारावर खोट्या समांतर रेघा येतात. पाणी दोन चौकटींत वाटू शकणारी टारबोटन यांची १९९७ची डी-इन्फिनिटी घ्या.

काठावरचे सेल (चौकटी) संचयानुसार उतरत्या क्रमाने लावा. सर्वांत वरचे बहुधा ओढ्यांची मुखं निघतील. ते पृष्ठजल, काढून टाका. ओढा नसलेल्या घळी उरतात, त्याच तुमच्या जागा. चुनखडीच्या प्रदेशात मात्र हा खटाटोप करू नका. तिथे पाणी भेगांचं ऐकतं, उताराचं नाही.

पडताळणी काठालगतच्या उथळ पाण्यात करा, पाझर सहसा तिथेच जास्त असतो. भर उन्हाळ्यात तळाच्या गाळात थर्मामीटर खुपसा आणि दोन्ही बाजूंच्या तळाशी तुलना करा. पाझराची जागा थंड लागते. तलाव आणि भूजल सारख्याच तापमानाला येतात त्या दिवसांत जाऊ नका.