व्यंगचित्राखालची ओळ कळत नाही? आधी तोंडं बघा

विनोद समजावून घ्यायला गेलं की मरतो, असं म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. न कळलेल्या चित्रावरून पान उलटण्यापेक्षा त्याच्यापाशी दहा मिनिटं बसलेलं बरं. जुने दिवाळी अंक वाचायचा नाद मला गेली वीस वर्षं आहे. काही अंक रद्दीत सापडले, पुष्कळसे आमच्या करवीर नगर वाचन मंदिरात बसून चाळले. ही संस्था १८५० सालची.

पहिलं काम म्हणजे खालची ओळ हाताने झाकायची आणि नुसतं चित्र बघायचं. कोण, कुठे, कशाच्या तयारीत, एवढं मनात म्हणून घ्या. शि. द. फडणीसांची चित्रं बघायची सवय असेल तर हे सहज जमेल. त्यांच्या बहुतेक चित्रांना शब्द लागतच नाहीत.

मग हात काढा आणि ठरवा, ही ओळ नेमकं कोण बोलतंय?

बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. माझंही कित्येक वर्षं अडलं होतं. मी मूळची नाशिकची, लग्न होऊन कोल्हापुरात आले. एका जुन्या अंकात एक चित्र होतं. लंगोट लावलेला दांडगा पैलवान स्वयंपाकघरात पवित्रा घेऊन वाकलाय, समोर चुलीवर पातेलं. उंबऱ्यात हातात पिशवी घेतलेली किडकिडीत बायको. खाली ओळ : ‘मी आलो जाऊन. दुधाकडं ध्यान असू द्या.’

‘आलो’ आहे म्हणजे पैलवानच बोलतोय, असं मी धरून चालले. खासबागेत कुस्तीला निघालाय आणि बायकोला दूध बघायला सांगतोय. पण यात हसण्यासारखं काय? मुलाला मी हाच अर्थ सांगितला होता. एकदा नणंदेने ते पान बघितलं आणि म्हणाली, “ओ वहिनी, बाई बोलाय लागल्या की! तोंड बघा तिचं.” खरंच, उघडं तोंड बायकोचं होतं. पैलवानाचे ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे पातेल्यावर खिळलेले. बायकांनीही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणायचं ही इथली रोजची बोली. बोलणारी बदलली आणि सगळं चित्र उलगडलं : आखाड्यात कुणाला न भिणारा गडी उतू जाणाऱ्या दुधापुढे पवित्रा घेऊन उभा आहे आणि बायको बाजाराला निघाली आहे.

तेव्हापासून मी आधी तोंडं बघते. क्रियापदावर विसंबू नका, अवतरणचिन्हांवरही नको. जुन्या छपाईत ती असतातच असं नाही. उघडं तोंड शोधा. छपाई बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. बोलणारा पाठमोरा असेल, किंवा मिशीत ओठच दिसत नसतील, तर बाकीच्यांच्या नजरा कुणाकडे वळल्यात ते पाहा. सगळ्यात ठळक माणूसच बोलत असणार, हे तर डोक्यातून काढूनच टाका. आर. के. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातला कॉमन मॅन गप्प असतो, ओळ शेजारच्या कुणाची तरी असते. ती त्याच्या तोंडी घातली की चित्र संपलं.

बोलणारा सापडूनही हसू येत नसेल तर अंकाचं साल बघा. एका चित्रात मुलगी बघायचा कार्यक्रम चाललाय. सोनार कपाळाला हात लावून कोपऱ्यात, आणि मुलीचे वडील सांगताहेत, ‘मुलगी मात्र बावीस कॅरेटची आहे!’ मला ही नुसती बढाई वाटली. अंक १९६३ चा होता. सासऱ्यांना दाखवला तर ते लगेच हसले. “तवा चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी हुती,” म्हणाले. सुवर्ण नियंत्रणाचा तो हुकूम जानेवारी १९६३ मध्ये निघाला, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना. दागिने चौदाचे, मुलगी बावीसची. आणि सोनाराचा हात कपाळाला का, तेही कळलं. तेव्हाच्या वाचकाला हे सांगावं लागत नव्हतं, रोजच्या पेपरात तेच होतं. म्हणून सालाच्या आसपासच्या बातम्या चाळा किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मी आधी माणसालाच विचारते.

श्लेष शेवटी शोधा. लोक आधी त्याच्याच मागे लागतात आणि नसलेले दोन अर्थ काढत बसतात.

विनोद लागला असं वाटलं की तो एका वाक्यात कुणाला तरी सांगून बघा. सांगताना दोनदा ‘म्हणजे’ म्हणावं लागलं, तर परत जाऊन तोंडं बघा.